सबनीसांचा सम्राट

दुबईच्या विमानतळावर, प्रवासी बाहेर येतात त्या कठड्यापाशी, सोळाशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका गृहस्थांची वाट बघत मी एकदा सकाळी दहापासून एकपर्यंत उभा होतो. हातात पाटी होती. पाटीवर मीच हौसेनं मोठ्या अक्षरांत छापून घेतलेलं नाव होतं, 'मिस्टर निंतोकु'. खाली वेलकम.

हे कसं झालं ते सांगतो, म्हणजे चूक निदान अर्धी माफ होईल. मंदीचा तो पहिला हिवाळा. रास अल खोरमधल्या एका जपानी कंपनीत मी ॲडमिन बघत होतो, म्हणजे व्हिसा, गाड्या, स्टाफची घरं आणि पाहुणे. टोकियोहून कुणीतरी माणसं कमी करायला येणार अशी कुजबुज आठवडाभर चालली होती. अशात एका दुपारी आमचे मॅनेजर हायाशी यांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत वर्कशॉपचे प्रमुख सबनीस बोलत होते. चोरून ऐकणं माझ्या स्वभावात नाही. पण झेरॉक्स मशीन त्या दारालाच लागून होतं आणि मला त्या दिवशी बऱ्याच कॉप्या काढायच्या होत्या. सबनीस इंग्रजीत म्हणत होते, "निंतोकु... थ्री इयर्स... रूफ लीकिंग." त्यावर हायाशी हळूच म्हणाले, "आह, निंतोकु टेन ओ." मग कुणीतरी 'टुमॉरो' म्हणालं.

मी पडलो हुशार. साहेबांचं नाव निंतोकु, यायचे उद्या, वेळ टेन ओक्लॉक, आणि विषय गळकं छप्पर. तासाभरात मी हॉटेलची खोली सांगितली, गाडी धुऊन घेतली आणि महिनोन् महिने पावसाचा थेंब न बघितलेल्या आमच्या शेडचं छप्पर तपासायला एक माणूसही वर चढवला.

विमानतळावर बाराच्या सुमाराला एक म्हातारं जपानी जोडपं बाहेर आलं. त्यांनी पाटी वाचली, एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांनीही पाटीला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. मग आजोबांनी माझा पाटीसकट फोटो काढला. तेव्हा मला वाटलं, साहेब फारच मोठे दिसतायत.

ऑफिसात परत आलो तर हायाशी रुमालानं डोळे पुसत होते. 'टेन्नो' म्हणजे जपानी भाषेत सम्राट, हे त्यांनीच मला सांगितलं. टुमॉरो येणार होता तो पत्र्याचा ट्रक. सबनीस मात्र अजिबात हसले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय देवधर, आले नाहीत?"

"नाही."

"मग परत कशाला आलात? सोळाशे वर्षं थांबलो, अजून तासभर थांबायचं."

सबनीसांशी माझी खरी ओळख त्या दिवशी झाली. तसे ते अल मनखूलला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. पत्नी सांगलीला शाळेत शिकवायची, त्यामुळे इथे एकटेच. उंच, किंचित पुढे झुकलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. आमची कंपनी एसीचे डक्ट बनवायची, म्हणजे थंड हवा खोल्याखोल्यांतून फिरवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे. तिथे पट्टी लागतेच. पण सबनीस ती कुठेही काढायचे. माझ्या बायकोच्या, शुभदाच्या पोळीची जाडी त्यांनी पहिल्याच जेवणात मोजली आणि म्हणाले, "एक मिलिमीटर, सगळीकडे सारखी. वहिनी, आमच्याकडे येणाऱ्या पत्र्यालाही हे जमत नाही." तेवढ्यावर ते आमच्या घरात कायमचे पास झाले.

वर्कशॉपमध्ये त्यांचं एक वाक्य ठरलेलं. फोरमन इस्माईल चौगुले, रत्नागिरीकडचा, काम कधी होणार विचारलं की म्हणायचा, "होऊन जाईल साहेब, इन्शाल्ला." सबनीस म्हणायचे, "वार सांग." चौगुले म्हणायचा, "मंगळवार, इन्शाल्ला." "आता कसं," म्हणून सबनीस पुढे जायचे. काम मंगळवारी व्हायचं.

हा निंतोकु त्यांना भेटला तो ओसाकाजवळ. कंपनीनं सहा महिने ट्रेनिंगला पाठवलं होतं तेव्हा. हॉस्टेलसमोर एक झाडांनी गच्च भरलेली टेकडी होती, भोवती पाण्याचा खंदक. सबनीसांनी ती बाग समजून रोज सकाळी तिच्याभोवती चक्कर मारायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागायची. आठवडाभरानं त्यांनी हॉस्टेलच्या स्वयंपाकीणबाईंना विचारलं, की या बागेचा दरवाजा काही सापडत नाही. बाई म्हणाल्या, ती बाग नव्हे, निंतोकु सम्राटाची समाधी आहे, आत कुणीच जात नाही.

"म्हणजे आठवडाभर मी प्रदक्षिणा घालत होतो," सबनीस सांगायचे. "न कळत. आता घातल्याच आहेत तर माणूस कसा होता ते तरी विचारावं म्हटलं." मग ते जुन्या बखरींबद्दल लोकांना विचारत सुटले. त्यातलं सगळं खरं नाही, हेही तेच सांगायचे. "एकशे दहा वर्षं जगला म्हणतात. सत्त्याऐंशी वर्षं राज्य केलं म्हणतात. ती समाधी त्याचीच आहे का, यावरही हल्ली पंडितांत वाद आहे. पण धुराची गोष्ट कुणीतरी मनापासून लिहिलेली आहे."

ती गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात सांगितली. निंतोकु एकदा उंच जागी उभा राहून आपली राजधानी बघत होता. कुठेच धूर दिसेना. "मंत्री म्हणाले असतील, महाराज, आज हवा किती स्वच्छ आहे. हे माझं हं, बखरीत नाही. राजा म्हणाला, धूर नाही म्हणजे चूल नाही, चूल नाही म्हणजे भात नाही. तीन वर्षं कर बंद. मग राजवाड्याची डागडुजी थांबली, छप्पर गळायला लागलं. धारेखाली भांडी लावायची आणि अंथरूण कोरड्या जागी सरकवायचं. तीन वर्षांनी पुन्हा वर जाऊन बघितलं तर घरोघर धूर. म्हणाला, आता आपण श्रीमंत झालो."

बोलता बोलता सबनीस एकदम थांबले आणि बोट वर केलं. आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या एकाच अरुंद चौकात उघडायच्या. संध्याकाळचे साडेसात झाले होते.

"सहा," सबनीस म्हणाले.

"काय सहा?"

"कुकर. दिवाळीत अकरा होते." त्यांनी कान दिला. "पाचव्या मजल्यावरचा गेला. त्यांची शिट्टी अर्धवट यायची, गास्केट ढिली होती. बायको-मुलं गावाला पाठवली असणार. तो एकटा कॅफेटेरियात जेवतोय."

शुभदाच्या हातातली पळी तशीच राहिली. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. बायको-मुलं गावाला गेली होती. ते कॅफेटेरियात जेवत होते.

टोकियोहून माणूस काही आला नाही, एक फाइल आली. वर्कशॉपमधून बारा माणसं कमी करायची आणि ऑफिसमधून एक. बारा ओळी रिकाम्या, त्या हायाशींनी आणि सबनीसांनी मिळून भरायच्या. हायाशींनी फाइल माझ्या हातात देऊन अंगणापलीकडे वर्कशॉपमध्ये पाठवली. सबनीसांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि वर जपानीत एक चिठ्ठी लावून माझ्याच हातानं परत केली, की आपण वडीलधारे, आधी आपण लिहावं. हायाशींनी तीन दिवसांनी चिठ्ठी लावली, की माणसांना आपण ओळखता, पहिला मान आपला. मी फाइल बगलेत मारून इकडून तिकडे, तिकडून इकडे. हे लोक काय विनयशील, असं मी घरी येऊन सांगत होतो.

चौथ्या खेपेला मी फाइल उघडली. बारा ओळी कोऱ्याच होत्या. तेरावी मात्र टोकियोहूनच छापून आली होती. 'ऑफिस, एक जागा: ॲडमिन.' ऑफिसात ॲडमिन म्हणजे मी. दहा-बारा दिवस मी स्वतःलाच बगलेत घेऊन फिरत होतो.

त्या दिवशी डबा तसाच राहिला. सबनीसांच्या टेबलावर फाइल ठेवली आणि म्हटलं, "सबनीस, यात मी आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्या हातानं पाठवतो. दुसरा कुणी नेईल तर लवकर पोचेल."

मी खुर्चीत बसलो. त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा माझ्यापुढे सरकवला आणि माशाची गोष्ट सांगितली. निंतोकुच्या वडिलांनी धाकट्या मुलाला वारस नेमलं होतं. धाकटा म्हणे, दादा, गादी तुझी. थोरला, म्हणजे निंतोकु, म्हणे, बाबांचा शब्द, गादी तुझी. असं तीन वर्षं. एक कोळी राजाला द्यायला ताजा मासा घेऊन आला. धाकटा म्हणाला, मी राजा नाही, दादाकडे ने. थोरला म्हणाला, मी कसला राजा, त्याच्याकडे ने. कोळ्याच्या येरझारा होता होता मासा नासला.

"मग?"

"मग कोळी रडला. पुढे धाकटा वारला आणि थोरल्याला बसावंच लागलं. ते दुःखाचं आहे, ते नको. आपल्याला माशापुरतंच घ्यायचंय. ही फाइल नासली पाहिजे, देवधर."

"आणि हायाशींना कळलं तर?"

"ते जपानी आहेत. ही गोष्ट मला त्यांच्या आजीच्या वयाच्या बाईनं सांगितली. त्यांना काय कळायचं राहिलंय?"

तीन आठवडे मासा फिरला. मग टोकियोहून शेवटची तारीख आली आणि हायाशींनी सबनीसांना आत बोलावलं. या वेळी मलाही बोलावलं, झेरॉक्सपाशी उभं राहू नये म्हणून असेल. सबनीसांनी खिशातली पट्टी टेबलावर ठेवली आणि हिशोबाचा एक कागद. कुणालाच काढायचं नाही, वर्कशॉप आठवड्यातून चारच दिवस चालवायचं. तेवढ्यानं बचतीत जे कमी पडेल ते वरून द्यायचं. वरून म्हणजे आम्ही.

हायाशींनी कागद वाचून पट्टीखाली ठेवला. मग म्हणाले, "सबनीस-सान, निंतोकु देशाचा मालक होता. मी फक्त मॅनेजर आहे."

"म्हणूनच अख्खं छप्पर नाही म्हणत मी," सबनीस म्हणाले. "निम्मं गळू दे."

हायाशींनी आपला जुमेराचा बंगला सोडला आणि ते देरा भागातल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये गेले. टोकियोनं तीन महिन्यांपुरती परवानगी दिली आणि पुढे दर तीन महिन्यांनी वाढवत नेली. राहता राहिले आम्ही. ऑफिसमधून घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सबनीस मला म्हणाले, "कंपनीला आपल्या दोघांचे दोन फ्लॅट पडतात. एकात भागेल का? मी लहान खोली घेईन."

माझी नोकरी वाचत होती. मी सिग्नल हिरवा व्हायच्या आत हो म्हणालो.

घरी शुभदानं सगळं ऐकून घेतलं. आमची मुलगी ईरा तिच्या खोलीत अभ्यास करत होती. मी कमी होणारा अलाउन्स आधी दिरहॅममध्ये सांगितला आणि मग रुपयांत, त्यामुळे दुःख दोनदा झालं. ती म्हणाली, "अहो, ईराची खोली द्यायची, ईरा आपल्या खोलीत, माझं तिथलं शिवणाचं मशीन कुठे जाणार देव जाणे, आणि हे सगळं तुम्ही एका सिग्नलला ठरवलंत?"

"मोठा सिग्नल होता," मी म्हटलं. त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे फक्त कामापुरतं बोलणं झालं.

सबनीस दोन बॅगा आणि एक इस्त्री घेऊन आले. शुभदानं पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या राजाचं छप्पर गळत होतं, तेव्हा राणी काय म्हणाली?"

"हेच, की छप्पर गळतंय, कपडे फाटलेत, आणि आपण श्रीमंत कसे?"

"मग?"

"तो म्हणाला, प्रजेकडे आहे ते आपलंच आहे."

"हे असं बाहेर छान वाटतं. घरात बायकोशी कसा होता?"

सबनीस खोटं बोलू शकले असते. पट्टीवाला माणूस, बोलले नाहीत. "तिथे नापास, वहिनी. राणी पूजेसाठी लांबवर खास पानं आणायला गेली, तेवढ्यात यानं दुसरी बाई राजवाड्यात आणली. राणीला वाटेतच कळलं. तिनं सगळी पानं पाण्यात फेकली आणि पुढे आयुष्यभर परत आली नाही. तो समजूत घालायला गेला, दार उघडलं नाही."

"बरं केलं तिनं," म्हणून शुभदा उठली आणि त्यांच्या खोलीत चादर घालून आली.

तीन वर्षं सबनीस आमच्याकडे राहिले. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांचे कपडे इस्त्री करायचे, माझ्या शर्टांच्या घड्या पट्टीनं सारख्या करायचे. ईराला गणित शिकवायचे. ती इंग्रजीत विचारायची, हे मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांना वाटायचं की समोरचा आपल्याच भाषेत बोलतोय. एकदा ती म्हणाली, "बट अंकल, व्हाय डिड ही नॉट जस्ट फिक्स द रूफ?"

"छप्पर शाकारायला माणसं लागतात ना. ती उपाशी होती."

"देन हू फिक्स्ड इट?"

"तीच माणसं. पोट भरल्यावर आपणहून आली. म्हातारे पण आले, लाकडं खांद्यावर घेऊन. त्याच लोकांनी मग त्याच्यासाठी कालवा खणला, नदीला बांध घातला."

"नाइस," म्हणून ती पुन्हा गणिताकडे वळली.

दर शुक्रवारी सबनीस कामगारांच्या कॅम्पवर जायचे. तिथे खेड, दापोली, महाडकडची पोरं पाच-सहा जणांची मेस करून रांधायची. सबनीस तपासणी वगैरे करायचे नाहीत. रांगेतल्या शेगड्यांपाशी उभं राहून नुसत्या गप्पा मारायचे. घरी आल्यावर शुभदा विचारायची, "किती?" ते म्हणायचे, "सगळ्या." दोघं जण आपणहून गावाला गेले, तेव्हा दोन दिवस सबनीस जेवणात मीठ कमी आहे हे सुद्धा बोलले नाहीत. ते दोघं बरे आहेत, एकानं रिक्षा घेतली, हे चौगुलेनं सांगितलं तेव्हा बोलायला लागले.

मी त्या काळात थोर झालो असं कुणी समजू नये. कुकरच्या शिट्ट्या मी एकदाच मोजायचा प्रयत्न केला. अठरा मोजल्या आणि आनंदानं जाहीर केलं की मंदी संपली. शुभदा म्हणाली, "त्यातल्या सात आपल्याच. राजमा लावलाय."

मग फुजैराच्या बंदरावरच्या इमारतींचं काम मिळालं. आधी पाच दिवस, मग सहा, मग ओव्हरटाइम. सगळ्यांचे अलाउन्स परत सुरू झाले त्या दिवशी हायाशी स्वतः अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये आले, सबनीसांपुढे वाकले आणि परत गेले. सबनीस घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमची खोली रिकामी करतो." तर ईरा रुसली. आणखी सहा महिने ते राहिले, आणि मग निवृत्तच झाले.

निरोपाचं जेवण कंपनीनं हॉटेलात द्यायचं ठरवलं होतं. चौगुले म्हणाला, नाही, कॅम्पवर. एका शुक्रवारी दुपारी आम्ही सबनीसांच्या बॅगांसकट तिथे गेलो, कारण तिथूनच चौगुले त्यांना विमानतळावर सोडणार होता. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, आणि सबनीसांना आवडतं म्हणून सांगलीच्या पद्धतीचं भरलं वांगं, कुणीतरी फोनवर विचारून केलेलं. अंगणात चटया टाकल्या. चौगुले म्हणाला, "साहेब, आज तरी पहिल्या पंगतीला बसा."

"दुसऱ्या," सबनीस म्हणाले.

"का?"

"पहिल्या पंगतीत माणसं कमी आणि मान जास्त. मला जेवायचंय."

मी अर्थातच पहिल्या पंगतीला होतो, आणि दोनदा भात घेतला. हायाशी शेजारी मांडी घालून बसले होते, माझ्यापेक्षा सरळ. शुभदा आणि सबनीस लांब शेगड्यांपाशी उभे राहून बोलत होते. ती काहीतरी ठासून सांगत होती आणि ते मान हलवत होते.

आम्ही निघालो तेव्हा दुसरी पंगत बसली होती. सबनीस चौगुलेच्या शेजारी, बाह्या वर करून, कालवणाच्या वाफेनं धुरकटलेला चष्मा कपाळावर सरकवून सुरमईचे काटे काढत होते. आम्हाला बघून त्यांनी डावा हात हलवला. "निघा, निघा. ट्रॅफिक लागेल." आणि पुन्हा ताटात बघितलं. पुढे फोन पुष्कळ झाले, होतात. समोरासमोर मात्र मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "एवढं काय बोलत होतात तुम्ही दोघं?"

"ते म्हणाले, वहिनी, एवढी वर्षं विचारायचं राहिलं. मी राहायला आलो तेव्हा रागावला होतात का?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो, खूप. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा या. पण त्या वेळी आधी मला विचारा, ह्यांना नंतर सांगू."